श्यामलाचा कोर्स आणि मी गुंडाळी फळा

मित्रांनो, भिंतीला कायमचा चिकटलेला फळा तुम्ही रोज पाहता. मी तसला नाही. मी जुना गुंडाळी फळा आहे. काळे जाड कापड, वर-खाली लाकडी दांडी आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा देह. पण मी गावभर फिरलो आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

खडकीच्या ललिताबाईंनी बी.एड. करताना मला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून विकत आणले. तेव्हा शिकाऊ शिक्षकांना निरनिराळ्या शाळांत जाऊन पाठ घ्यावे लागत. मागच्या बाकावर निरीक्षक बसत. माझ्यावर ओळ वाकडी गेली की बाईंचा चेहरा पडे आणि मुलांचे हात वर झाले की खुले. पुढे शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

मग हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या. बाईंची मुलगी श्यामला हिच्या मैत्रिणी तिकडे नोकरीला लागल्या. श्यामलाला मात्र परदेशात इंग्रजी शिकवायचे होते. व्हिएतनाममधल्या हनोईच्या एका शाळेने कळवले, आधी प्रशिक्षण घ्या, मग मुलाखत.

कोर्स दोन होते आणि ऐपत एकाचीच होती. एक हॉटेलातला, शनिवार-रविवारचा. भाषणे ऐकायची आणि सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. दुसरा सदाशिव पेठेतला, महिनाभराचा. तिथे रोज खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे, मागे परीक्षक बसणार, आणि ते नापासही करत. श्यामलाचे मन हॉटेलाकडे ओढ घेत होते.

तिचे वडील रंगराव म्हणाले, "दोन दिवसांत शिक्षक होतात? मग तुझ्या आईने वर्षभर काय मटार सोलले?"

"बाबा, माझं इंग्रजी चांगलं आहे. महिना कशाला घालवू?"

ललिताबाईंनी मला खाली काढले, पुसले आणि शेजारी पोन्नम्माच्या घरी टांगले. पोन्नम्मा तमिळनाडूहून नुकतीच आली होती. तिला मराठी येत नव्हते, हिंदीही नाही.

"डॉक्टरांना 'मला ताप आहे' म्हणता येईल, एवढं इंग्रजी तिला शिकव," बाई म्हणाल्या.

श्यामलाने माझ्यावर सुरेख अक्षरात वाक्य लिहिले आणि लगेच म्हणाली, "फीव्हर म्हणजे ताप हं." आपल्याकडे इंग्रजी असेच शिकवतात, एक ओळ त्यांची, एक आपली.

पोन्नम्माने मान डोलावली.

"समजलं?"

पोन्नम्मा हसली आणि तिने मुरुक्कूची, म्हणजे त्यांच्याकडच्या चकलीची, बशी पुढे केली.

"अगं, तिला मराठी कुठं येतं?" बाई म्हणाल्या.

"मग सांगू तरी कसं, आई?"

"तसं शिकवायला मलाही नाही येत गं. आमच्या वेळी मुलंही आपलीच, भाषाही आपलीच."

श्यामलाने खडू खाली ठेवला. हनोईत सगळा वर्ग असाच हसून मान डोलावणार होता. संध्याकाळी ती सदाशिव पेठेत नाव घालून आली.

तिथल्या भाड्याच्या खोलीत धड फळा नव्हता, म्हणून मीही स्कूटरवरून जाऊ लागलो. समोर सुदान आणि इराणहून पुण्यात शिकायला आलेली मुले बसत. पहिला पाठ साफ फसला. परीक्षक म्हणाल्या, "अहो, सगळं तुम्हीच बोललात. त्यांनी कधी बोलायचं?"

शेवटच्या पाठाला श्यामलाने माझ्यावर फक्त चित्र काढले. सुटलेली बस आणि मागे धावणारा माणूस. मग ती गप्प उभी राहिली.

सुदानचा इद्रिस म्हणाला, "ही इज लेट!"

"नो, बस इज अर्ली!" इराणची शिरीन म्हणाली. वर्ग हसला आणि इंग्रजीत भांडू लागला. मागच्या बाकावर परीक्षकांनी पेन खाली ठेवले. माझ्यावर एकही शब्द नव्हता, तरी त्या दिवसाइतका ताठ मी कधी टांगलो नव्हतो.

श्यामला उत्तीर्ण झाली. मुलाखतीत हनोईच्या शाळेने शिक्क्याचे विचारलेच नाही. कोणाला शिकवलेत आणि कुठे अडलात, एवढेच विचारले. ती भरभरून बोलली. नोकरी मिळाली.

ती मला बॅगेत ठेवू लागली तेव्हा रंगराव म्हणाले, "का, तिकडे फळे नसतात?"

"असतात की. पण माझा पहिला पाठ फसला, तेव्हा त्यातला एकही सोबत नव्हता."

मित्रांनो, उद्या तुम्हीही शिकवण्याचे शिक्षण निवडाल. तेव्हा कागदाची चकाकी पाहू नका. तिथे समोर खरा शिकणारा असेल का, आणि चुकलात तर कोणी सांगेल का, हे आधी विचारा. आणि माझ्यासारखा एखादा फळा हाती आला तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा. दुमडू नका, गुंडाळा. घडीच्या रेषेवर अक्षर नीट उमटत नाही.