समुद्राचं विरजण

प्रतिक्षाला आपली एक खोड पक्की ठाऊक होती. ती समजावून सांगायला लागली की समोरच्याला आधी समजलेलंही समजेनासं होई. चेन्नईच्या प्रयोगशाळेत ते खपून जायचं, तिथे सगळे तसलेच. पण भंडारा जिल्ह्यातल्या करडीत, आपल्या गावी, आणि तेही आईसमोर, कसं खपणार?

गोष्ट अशी की तिला अंदमानला तीन वर्षांचं काम मिळालं होतं. समुद्र तापला की प्रवाळं पांढरी पडून मरतात. त्यांच्याच अंगावरचे चांगले जिवाणू निवडायचे, वाढवायचे, परत त्यांनाच द्यायचे आणि मग ती उन्हाळा सोसतात का, ते पाण्यात उतरून बघायचं. प्रतिक्षाचा सगळा जीव त्या कामात. आणि तिच्या आईचा, पार्वताबाईचा, जीव जवळच्याच साकोलीच्या एका कॉलेजात, कारण तिथे शिकवायची जागा निघाली होती. आईच्या लेखी अंदमान म्हणजे काळं पाणी. तिथे लोकांना पाठवायचे, हौसेनं कोणी जात नसे. प्रतिक्षा न विचारता गेली असती तर तिला कोण बांधून ठेवणार होतं? पण आईचं मन मोडून जायची हिंमत बाईजवळ नव्हती. शेवटी बाबांनी, निवृत्त मास्तर हिरालाल यांनी, तोड काढली. बुद्ध पौर्णिमेला सारी वस्ती विहारात जमते, तिथे तिनं आपलं काम समजावून सांगावं. आईला पटलं तर अंदमान, नाही तर साकोली.

पौर्णिमा आली भर मे महिन्यात. सकाळी आई मागे लागली की दोन घास खा, डोक्याला दुपट्टा बांध, जवळ कांदा ठेव. प्रतिक्षा हसली. आपण उष्णतेच्या ताणावरच डॉक्टरेट केली आहे, असं तिनं आईला ऐकवलं आणि उपाशीपोटी, उघड्या डोक्यानं, फक्त कागद घेऊन निघाली. एवढी शिकलेली बाई, पण अक्कल बहुतेक चेन्नईलाच विसरून आली होती.

वंदना झाली. भाषण बाबांनी खिरीच्या आधी ठेवलं. जन्म मास्तरकीत गेला त्यांचा, खीर पोटात गेल्यावर कोण बसतं हे त्यांना पक्कं माहीत. विहारापुढचा मंडप टिनाचा. कूलर दोन होते, ते लाईन गेल्याबरोबर गप झाले. प्रतिक्षानं ‘सहजीवन’ या शब्दानं सुरुवात केली आणि मागच्या रांगेत एक जांभई निघाली ती पुढपर्यंत आली. मग तिनं कागद बाजूला ठेवला.

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो जिवंत प्राणी आहे, ती म्हणाली. त्याच्या अंगात शेवाळाचा एक भाडेकरू असतो, तोच उन्हावर रांधून मालकाला खाऊ घालतो. पाणी फार तापलं की दोघांत विष तयार होतं, मालक त्याला घराबाहेर काढतो आणि मग स्वतःच उपाशी मरतो. पुढे बसलेले वस्तीतले वासुदेवराव म्हणाले, असे घरमालक आपल्या भंडाऱ्यातही आहेत. हशा पिकला. मग तिनं उपाय सांगितला, त्याच्याच अंगावरचे चांगले जिवाणू वाढवून त्याला पाजायचे. बायकांत बसलेल्या गोदावरीबाईंना शंका आली की जंतू मारायचे असतात, ही पाजायचे कसे म्हणते? प्रतिक्षा म्हणाली की दह्याला विरजण लावता ना, तेच हे, चांगले जिवाणू ते विष निपटतात. बायकांच्या माना हलल्या. आणि त्या मानांमध्ये आईचीही मान हलली.

झालं! बाईच्या अंगात वारं शिरलं. तिथेच थांबावं की नाही? पण नाही. तिनं हात वर केला, आवाज चढवला आणि म्हणाली, “ऊन सोसायची ताकद अंगातच असते, फक्त...”

फक्त काय, ते कोणालाच कळलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उष्णतेच्या तज्ज्ञ बाई माईकसकट सतरंजीवर आडव्या झाल्या.

शुद्ध आली तेव्हा गोदावरीबाई तिच्या तळपायाला ठेचलेला कांदा चोळत होत्या आणि कोणीतरी तोंडात पन्हं ओतत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं वासुदेवराव हळूच म्हणाले, आणि ते तिला चांगलं ऐकू आलं. मंडपात पांढरं पडलेलं प्रवाळ एकच होतं आणि त्याच्याजवळ पीएच.डी. होती. तिला आपलंच हसू यायला लागलं. गेलं अंदमान, उद्यापासून साकोलीच्या फळ्यावर बेडकाची आकृती.

आई उशाशी बसून ओल्या पदरानं वारा घालत होती. मग बाबांकडे बघून म्हणाली, “जाऊ द्या हिले अंदमानले.”

प्रतिक्षा उठून बसायला लागली. “तुले पटलं, आई?”

“विरजणाचं तं मले तवाच समजलं,” आई म्हणाली. “पण ते नाई. तू इथलीच होतीस, याच उन्हात धानाच्या रोवण्यापर्यंत अनवाणी फिरत जायची. आता तुले इथलं ऊन सोसत नाई माय. तुले इथं ठेवून का करू मी?”

तिनं लेकीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

“उन्हाळ्यात नोको येत जाऊ आता. हिवाळ्यात येत जाजो, पाहुण्यासारखी.”

हवं ते मिळालं होतं. प्रतिक्षानं हो म्हटलं, आणि तिचं हसू तिथेच थांबलं.