नवी केबल

सोल्डरिंगच्या टेबलावर अठरा वर्षं मान मोडून तिने डोळ्यांची वाट लावून घेतली होती. चष्म्याचा नंबर दरवर्षी चढत होता. ज्याला बारीक टाका दिसेनासा होतो त्याला हा कारखाना नारळ देतो, हे तिने शेजारच्या दोघींच्या बाबतीत पाहिलं होतं.

म्हणून वरच्या मजल्यावर जागा निघाल्याचं कळताच तिने अर्ज केला. प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम. समोर मोठा पडदा, अक्षरं हवी तेवढी मोठी करा. नवरा त्याच खोलीत बारा वर्षं होता. "बस परीक्षेला," तो म्हणाला. "मी आहे ना!"

तळहाताएवढा सरावाचा सर्किट-बोर्ड तो घरी घेऊन आला. तिने लिहिलेल्या चार ओळींवर बोर्डावरचा दिवा पहिल्यांदा लुकलुकला, तेव्हा तिने सासूबाईंना हाका मारून बोलावलं.

"एवढ्यासाठी भाजी करपवलीस?" सासूबाई म्हणाल्या.

पुढे ती प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून आत डोकवायला शिकली. कुठला आकडा कुठे बिघडतो ते तिला चटकन दिसायचं. एका संध्याकाळी, नवरा आठवडाभर जिच्यामागे डोकं फोडत होता ती चूक तिने दहा मिनिटांत काढून दिली. "नशीब लागतं गं," म्हणून त्याने कॉम्प्युटर बंद केला. बावळट बाई, तिला ते कौतुक वाटलं.

परीक्षा दोन दिवसांची. बोर्ड कॉम्प्युटरला जोडायचा आणि त्यात मुद्दाम घातलेली चूक शोधायची. केबल आपापली. निघताना नवऱ्याने केबल हातात ठेवली. "जुनी ढिली झालीय. ही नवी ने."

केबल लावली, बोर्डावरचा हिरवा दिवा लागला, पण कॉम्प्युटर काही बोर्डाला ओळख देईना. तिने पोर्ट बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, सगळं बंद करून चालू केलं. बाकीचे कामाला लागले होते. संध्याकाळी ती रडकुंडीला येऊन घरी आली.

"दिवा लागतोय ना?" नवरा म्हणाला. "मग केबल चांगली आहे. तुझंच काहीतरी चुकतंय."

दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांनी तिच्या नावापुढे लिहिलं: बोर्ड जोडता आला नाही.

रविवारी भाचीचे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला तिने त्याच केबलने फोन जोडला. फोन चार्ज व्हायला लागला. कॉम्प्युटरला मात्र त्याचा पत्ताच नाही. मग सुरी घेऊन तिने केबल उभी चिरली. आत विजेच्या दोनच तारा, लाल आणि काळी. बोर्डाचे निरोप कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या दोन नव्हत्याच. नुसती चार्जिंगची केबल! परक्याने दिली असती तर तिने आधी मीटर लावून पाहिला असता.

तिने ती चिरलेली केबल त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

त्याने केबल ताटापासून दूर सारली. "शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली असतीस," तो म्हणाला. "आणि रोज सगळ्यांसमोर दहा-दहा मिनिटांत..."

"माझे डोळे चाललेत, ते?"

"तेही माहीत होतं."

साहेबांना काय सांगणार होती ती? नवऱ्याने केबल बदलली म्हणून?

सोमवारी तो खाली तिच्या टेबलाशी आला. एका बोर्डाचा केबलचा पोर्ट उखडला होता. "एवढं लावून दे. साहेब म्हणाले, तुझ्याच हातचं हवं."

तिने मनाशी ठरवलं, विजेचे दोन टाके मारायचे, निरोपाचे दोन सोडायचे. हिरवा दिवा लागेल, मग बसू दे आठवडाभर डोकं फोडत. पहिला मारला, दुसरा मारला. पण अठरा वर्षांत अर्धं काम तिच्या हातून कधी सुटलं नव्हतं. हात आपसूक तिसऱ्याकडे गेला. शेवटचे दोन तिला दिसलेही नाहीत, तिने अंदाजानेच मारले.

नवऱ्याने तिथल्याच कॉम्प्युटरला बोर्ड जोडून पाहिला. कॉम्प्युटरने लगेच ओळखला.

"बघ!" तो खूश होऊन म्हणाला. "उगाच वर कशाला यायचं? तुझी खरी जागा इथेच."

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. काही फरक पडला नाही.