माव्याचं वाण

मी एक जुना गहू आहे, मित्रांनो, पण मला पोळीसाठी कोणी पेरत नाही. मला पेरतात ते किडीनं खावं म्हणून.

उज्जैनबाहेर देवास रस्त्याला गव्हाच्या प्रयोगाचं एक शेत आहे. तिथे बारा नवे वाण एकेका ओळीत उभे असतात आणि दर दोन ओळींच्या मध्ये मी. माझं पान मऊ, गुळगुळीत. मावा नावाची बारीक हिरवी कीड आधी माझ्यावर वसते, रस पिते, काळा पडणारा चिकटा सोडते, वाढते आणि मग शेजारी पसरते. ज्या शेजाऱ्यावर ती टिकत नाही, तो वाण खरा. मी काळवंडलो, तरच दुसऱ्याचा कस कळतो.

किडीची मोजणी अश्लेषाताई करतात, भिंग डोळ्याला लावून, एकेक फुटवा हाती धरून. त्यांच्या प्रयोगाचं हे तिसरं, शेवटचं वर्ष होतं. नऊ नंबरच्या लवदार पानांवर दोन वर्षं मावा टिकला नव्हता. यंदाही तसंच दिसलं, तर तो वाण शेतकऱ्यांच्या हाती जाणार होता.

शेतावरचे मदतनीस मधुकरकाका नवेच आलेले. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी त्यांनी मला पाहिलं. "अरे रे, बेचारा!" म्हणाले, आणि पंपात साबणाचं पाणी भरून माझ्या ओळी धुऊन काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझी कीव आली. खरं सांगतो, बरं वाटलं. पान हलकं झालं, वाऱ्यावर डुललो.

आठवड्यानं अश्लेषाताई आल्या. नऊ नंबर स्वच्छ. चार नंबर स्वच्छ. सगळेच स्वच्छ. मग त्या माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"काका, याच्यावरचा मावा कुठे गेला?"

"मीच धुतला ना! ताई, आपल्या उज्जैनात मावा मिठाईच्या बाटीत शोभतो, गव्हावर नाही."

ताई हसल्या नाहीत. "अहो, याच्यावर मावा नाही म्हणून तर सगळे पास! परीक्षाच झाली नाही. वर्ष गेलं माझं."

काकांनी टोपी काढली. "गलती झाली, ताई. पण ती बांधाकडची ओळ राहिलीय. पंप तिथवर पुरलाच नाही."

त्या ओळीत मी अजून काळाच होतो. ताई उठल्या.

"काका, घरी हळदीकुंकू झालं?"

"चालू आहे. रथसप्तमीपर्यंत बायकांना फुरसत कुठे!"

"मग चला, आपणही वाण लुटू. माव्याचं."

काका थाळीत माझी किडकी पानं घेऊन ओळीओळीनं फिरले. प्रत्येक रोपाच्या कुशीत दोन पानं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. "घ्या बाई, नाही म्हणू नका," असं त्या रोपांना सांगत होते.

पंधरा दिवसांत मी पुन्हा काळा झालो. चार नंबरही झाला. नऊ नंबरच्या लवेत मावा अडखळला आणि तिथेच वाळून गेला. ताईंनी आकडा लिहिला, फोटो काढला. नऊ नंबरचा.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. कुणाची काळजी घ्यावीशी वाटली, तर आधी त्याचं काम काय ते विचारा, एवढंच मागणं. आणि माझं मूठभर बी तेवढं जपा.

कापणीनंतर माझे सुरकुतलेले दाणे काकांनीच पाखडले, पिशवीत भरले आणि वर चिठ्ठी बांधली: "यास धुऊ नये."