मयताच्या दारी अभ्यासाला

मे महिना लागला, की केरी-अ‍ॅनच्या टेबलावरचा फोन थांबायचं नाव घेत नाही. वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीचं हे एवढंसं ऑफिस. पण शहरातल्या ज्याला त्याला आपले विद्यार्थी इथेच आणून शहाणे करायचे असतात! केरी बिचारी सगळ्यांना हो म्हणायची.

या वेळी मात्र तिने स्वतः विद्यापीठात फोन केला होता. "येऊ नका. माझा मामा गेलाय. रस्ता बंद केलाय." वस्तीत मयत झालं की आमच्यात रस्त्यावर तशी पाटी लागते. दुकान बंद होतं, घरचे लोक घर सोडून बाहेर उघड्यावर बसतात, आणि गेलेल्याचं नाव कोणी उच्चारत नाही.

तरीही सकाळी बस आली. पाटी ओलांडून आली! प्राध्यापक व्हिटलॉक हसतमुखाने उतरले, मागोमाग त्यांचे विद्यार्थी.

"केरी, आमचा काही त्रास होणार नाही," ते म्हणाले. "नुसते बाजूला बसून बघू. पोरांना हा शोक प्रत्यक्ष बघायची संधी पुन्हा मिळायची नाही." आणि विद्यार्थ्यांना नीट कळावं म्हणून त्यांनी मामाचं नाव घेतलं. पूर्ण, मोठ्याने. ते नाव इथे लिहिलं जाणार नाही.

झाडाखाली बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. मामी हंबरडा फोडून रडायला लागली. केरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"संधी?" ती ओरडली. "माझा मामा मेला, ही तुमची संधी?"

"अगं, गैरसमज नको. आम्हाला आधीच परवानगी..."

"मीच दिली होती ती." आन्टी डॉरीन उठून पुढे आल्या. वस्तीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. "तेव्हा इथे मयत नव्हतं. आता आहे. दिलेला होकार परत घेता येतो, एवढं तुमच्याकडे शिकवत नाहीत का?"

कॅमेरा गळ्यात अडकवलेली इमोजेन चाचरत म्हणाली, "पण आन्टी, या दौऱ्यावर आमचे मार्क आहेत."

"वा! आम्ही रडायचं आणि मार्क तुम्हाला? पोरी, तुझ्या घरी कधी कुणी गेलं नाही?"

"आजोबा गेले. गेल्याच वर्षी."

"मग तुझी आजी कशी रडते ते बघायला, अनोळखी माणसं बस भरून आली होती का गं?"

इमोजेनचा चेहरा खर्रकन उतरला. तिने कॅमेरा पिशवीत टाकला. "सर, मी बसमध्ये बसते. मार्क नाही दिलेत तरी चालेल." तिच्या मागोमाग बाकीचेही निघाले.

व्हिटलॉक एकटेच उरले. त्यांनी टोपी काढली. "चुकलो, आन्टी. पाटी मी वाचली होती. तरी बस आत घ्यायला सांगितली."

"मग पोरांना तेच सांगा. आम्ही बोलावू तेव्हा या. नाही बोलावलं, तर येऊ नका."

व्हिटलॉकांनी केरीकडे पाहिलं. "काही हरकत नाही," असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण हरकत होती. बस वळली तशी ती मामीशेजारी जाऊन मातीत बसली.

मंडळी, दुसऱ्याचं जगणं समजून घ्यावं, जरूर घ्यावं. पण त्याने दार लावलं, तर मुकाट्याने मागे फिरावं. एवढंही ज्याला जमत नाही, त्याने अभ्यासाचं नाव सांगू नये. तो लुटायलाच आलेला असतो!