राजवाड्यातला चाखणीचा चमचा

मी जर्दाळूच्या लाकडाचा साधा चमचा. अंगावर सोनं नाही की नक्षी नाही. पण दोन राजांच्या आधी त्यांचं अन्न माझ्या तोंडी लागलंय, हे मी ताठ मानेनं सांगणार.

विष ओळखणं हे माझं काम. खरं तर ते राजवाड्यात अन्न चाखणाऱ्या बुरुलआपाचं, मी नुसता तिच्या हातात. राजासमोर बसून ती प्रत्येक पदार्थ चमचाभर चाखायची आणि चहाचा वाडगा संपेपर्यंत तिथंच थांबायची. तोवर तिला काही झालं नाही, तर राजा जेवायचा.

मग राजा गेला, प्रजासत्ताक आलं. डोंगराकडच्या शाळेतले एसेनकुल मास्तर राष्ट्राध्यक्ष झाले. नाव मोठं, अधिकार मात्र सगळे पंतप्रधानांकडे. यांनी फिती कापायच्या, राजदूतांशी हात मिळवायचे आणि समोर येईल त्या कागदावर सही करायची. नाही म्हणायची सोयच नव्हती. बायको वारलेली, लेक परदेशात. चाखणीची रीत तेवढी चालू राहिली, म्हणून त्या लांबलचक टेबलावर सोबत काय ती आपाची.

"आज काही मेले नाही बाई," चाखून झालं की आपा म्हणायची.

"मीठ इतकं कमी आहे, मीच मरेन. आणखी एक वाडगा घ्या, आपा. विष सावकाश भिनणारं असलं तर?"

आपा हसून घ्यायची. गप्पांत मटणाचा रस्सा निवून वर चरबी धरायची, त्याचं त्यांना काही नसे.

एक दिवस नवा कारभारी सह्यांचे कागद घेऊन आला. त्यात चाखणीचं पद रद्द केल्याचा हुकूम होता.

"हे राहू द्या की," मास्तर म्हणाले. "कुणी विष घातलं तर?"

"राग मानू नका साहेब, पण तुम्हाला विष घालून कुणाला काय मिळणार?"

मास्तरांनी हुकूम पुढं ओढला. मग त्यांनी सही केली. मला त्यांचा राग आला आणि कीवही.

जाताना आपानं मला पुसून त्यांच्या ताटाशी ठेवलं. "घरी या कधीतरी जेवायला," ती म्हणाली.

"पहारेकरी सोडतील तेव्हा."

आता रोज संध्याकाळी ते स्वतःच मला घेऊन एक घास चाखतात. मग मला समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवतात, तिथंच चहाचा वाडगा भरतात आणि त्याची वाफ जाईपर्यंत थांबतात. मगच जेवतात.

बाबांनो, मी लाकडाचा, मला हात जोडता येत नाहीत. पण तुमच्यापैकी कुणाचं वर वजन असेल, तर या माणसाच्या जेवणावर जरा संशय घ्या.