बिनदाताच्या माणसाचं जेवण

संग्रहालयाच्या हाडांच्या विभागात मी मदतनीस होते. तिथे अश्मयुगातल्या एका म्हाताऱ्याची कवटी होती. जबड्यात एकही दात नाही, दातांच्या खोबणी हाडानं भरून आलेल्या. म्हणजे दात पडल्यावरही गडी काही वर्षं जगला होता. 'कुणीतरी चावून भरवल्याशिवाय हे शक्यच नाही,' असं आमच्या सरांचं म्हणणं. त्यावर पुस्तक लिहून त्यांनी नाव कमावलं होतं.

"भरवायला कशाला कुणी पाहिजे?" बाबा म्हणाले. बाबा पाथरवट. हयात दगड घडवण्यात गेली, आता तोंडाचं बोळकं झालेलं. "दोन दगड असले की झालं. मी खाऊन दाखवतो."

सरांना विचारलं, तर ते हसले. "करा की. चार दिवसांत हात टेकतील."

बाबांनी कवळी काढून ठेवली आणि नदीवरून दगड स्वतः पारखून आणले. सुकं मांस, कंद, टणक बिया, सगळं कुटून, भिजवून खायचं. मी रोज फक्त त्यांचं वजन घ्यायचं. मदत नाही, जवळ बसणंही नाही. प्रयोग एकट्या माणसाचा होता.

पहिला आठवडा झकास गेला. बाबा मांसाचा पार भुगा करत आणि चाटूनपुसून खात. मग भांड्यात उरायला लागलं. दहाव्या दिवशी वजन दोन किलोनं उतरलेलं.

"हिरड्या दुखतात का, बाबा?"

"नाही गं." त्यांनी भांडं बाजूला सारलं. "कुटण्यात वेळ बरा जातो. पण खायला बसलं की तुझी आई आठवते. घासच उतरत नाही."

आईला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून मी ताट झाकून कामावर पळत होते.

मी वजनाची वही मिटली आणि त्यांच्यासमोर बसले.

"अगं, प्रयोग बिघडेल!"

"बिघडू दे."

त्यांनी मूठभर भुगा माझ्या हातावर ठेवला. चव अगदी मातीसारखी. दोघांनी भांडं रिकामं केलं.

अहवालात मी काही लपवलं नाही: बिनदाताचा माणूस स्वतःचं पोट भरू शकतो, दहाव्या दिवशी प्रयोग मीच मोडला, तो का, तेही लिहिलं. सरांनी शेवटचं पान दोनदा वाचलं.

"माझं चुकलं, हे मी जाहीर करीन," ते म्हणाले. आणि त्यांनी ते केलं. पण नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

मी आता दुपारी जेवायला घरी येते. बाबा दार उघडून वाट बघत असतात.