दहा मिनिटांचं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे, मित्रांनो, आणि मला माणसांच्या डोक्यांचा मनापासून वीट आला आहे. रागावू नका. माझ्या आतला स्पंज एकदा नाकाला लावून बघा, म्हणजे तुम्हीही माझ्याच बाजूने बोलाल.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत आणि चकचकीत होतो. आपण एखाद्याचं डोकं वाचवणार, या विचाराने छाती फुगलेली होती. नर्मदाकाकीच्या मुलाने मला हौसेने घेतलं आणि मुंबईला नोकरीला जाताना तिच्या चहाच्या टपरीत टाकून गेला. टपरीसमोरच्या मैदानात महिन्यातून काही दिवस लायसनची परीक्षा होते. हेल्मेट नसेल तर परीक्षा घेणारे साहेब आत घेत नाहीत, आणि आमच्याकडची निम्मी मंडळी परीक्षेलाही उघड्या डोक्यानेच येतात. मग नर्मदाकाकी हाक मारते, "चाय घेवा, टोप घेवा!" चहा पिणाऱ्याला मी फुकट.

तेव्हापासून माझं आयुष्य दहा-दहा मिनिटांचं झालं. खोबरेल तेलाने थबथबलेलं डोकं उतरलं की जेल फासलेलं डोकं चढतं. कोंडा, घाम, केसांचा रंग, सगळं माझ्या पोटात. एका बहाद्दराने तर पावसात भजी भिजू नयेत म्हणून ती माझ्यात ठेवली होती! मला कुणी कधी धुतलं नाही. परीक्षा झाली की फाटकाशीच मला डोक्यावरून ओरबाडतात आणि तोंड वाकडं करून परत देतात. घाण त्यांची आणि नाक मुरडायचं मला पाहून. या सगळ्याची मला अजून शिसारी येते.

अशात एक दिवस मिठबावची भक्ती आली. तिचे बाबा गुरुदास आंबा आणि नारळ पिकवणारे. भक्तीला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती. तिथे सकाळी सातला हजर व्हावं लागे आणि त्यांच्या गावातून पहिली एस.टी. साडेसातला सुटे. बाबांनी साफ सांगितलं होतं की लायसन मिळालं तर स्कूटर मिळेल, नाहीतर कोर्स विसरायचा. कोर्स सुरू व्हायला दोन आठवडे उरले होते.

मुलगी मात्र नेटकी होती. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी असतं, बाबांच्या स्कूटरसाठी अठरा पूर्ण लागतात, हे तिला ठाऊक होतं. टपरीवरून बापाच्या गाड्या उडवत जाणारी पंधरा वर्षांची कार्टी मी रोज बघतो, म्हणून मला तिचं विशेष वाटलं. अठरा भरल्यावर तिने चिन्हांची परीक्षा देऊन शिकाऊ लायसन काढलं. गाडीला लाल 'एल' लावून, मागे बाबांना बसवून, महिनाभर सराव केला आणि मगच पक्क्या लायसनच्या परीक्षेला आली. मला डोक्यावर घेताना तिनेही नाक दाबलं. पण तेवढं मी माफ केलं.

पाय न टेकता आठाचा आकडा काढायचा होता. पहिला वळसा तिने झकास घेतला. दुसऱ्या वळशाला मैदानाच्या कडेला राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. ती समोर आली मात्र, भक्तीचा उजवा हात हँडल सोडून वर आला आणि कपाळाऐवजी माझ्यावर 'टक्' करून आपटला. गाडी झोकांडली. पाय टेकला.

"हात कुणाला केलास?" साहेबांनी विचारलं. ते घाटावरचे होते.

"देवाक," ती म्हणाली, आणि मग चाचरत, "देवाला, साहेब."

"देवाला चालेल, मला नाही. आठवड्याने ये."

बाहेर येऊन बाबा लेकीची नाही, साहेबांचीच चूक काढत बसले. "राखणदाराक हात नाय करूचो तर कोणाक करूचो?" मिठबावहून येताना वाटेत जेवढ्या घुमट्या लागतात, तेवढ्या वेळा हा माणूस चालत्या गाडीवर एक हात सोडतो. लेक मागे बसून तेच शिकली. नर्मदाकाकीने त्यांना हेल्मेटचं विचारलं तर म्हणतात कसे, "डोक्यार ह्या मडक्या आसला तर कपाळाक हात लावूचो खंय?" मडकं म्हणे मला!

तेवढ्यात टपरीवर नेहमी रेंगाळणारा एक दलाल पुढे सरकला. "परत परीक्षा कित्याक देतास? फुडच्या टायमाक नुसती सही करा, बाकीचा मी बघतंय." बाबांचे डोळे चमकले. माझ्या आतल्या भज्यांच्या डागापेक्षा मला हा माणूस मळकट वाटला.

"नको बाबानू," भक्ती म्हणाली. "गाडी माका येता. हात तेवढो आवराक व्हयो."

आठवड्याने ती परत आली. आल्या आल्या स्कूटर उभी करून घुमटीपाशी गेली, मला डोक्यावरून काढून खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. "आत्ताच करतंय नमस्कार," ती देवाला म्हणाली, "मगे हात हँडलारच रवतलो." मग तिने मला पुन्हा घातलं आणि हनुवटीखाली पट्टा ओढून बक्कल लावलं. माझं बक्कल किती वर्षांनी लागलं, मलाच आठवेना. तेल, घाम, कोंडा, सगळं विसरून मी त्या डोक्यावर घट्ट बसलो. घुमटी दोनदा समोरून गेली. हात हलला नाही. साहेबांनी मान डोलावली. भक्ती पास झाली.

खरं सांगतो, मला वाटलं, हे डोकं वेगळं आहे.

फाटकाशी बाबांनी हात पुढे केला. "झाला मा काम? काढ आता ता मडक्या. नर्मदाक दी."

भक्तीचा हात बक्कलाशी गेला. "बाबानू, आपणाक एक घेवया मा?"

"बघया मगे. चल, ऊन झाला."

आमच्या सिंधुदुर्गात 'बघया मगे' याचा अर्थ काय, ते लहान पोरालाही कळतं. भक्तीलाही कळला. ती हसली, बक्कल सोडलं, मला टपरीच्या फळीवर ठेवलं आणि बाबांना मागे बसवून निघून गेली. दोन उघडी डोकी वळणापर्यंत मला दिसत होती. त्यांतलं एक डोकं पुढच्या आठवड्यात इस्पितळात जाऊन फुटलेल्या डोक्यांना पट्ट्या कशा बांधायच्या, ते शिकणार होतं.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस अठरा वर्षांचे व्हाल. चिन्हं पाठ कराल, आठ काढाल, लायसन खिशात घालाल. तेव्हा माझ्याकडे येऊ नका. स्वतःचं हेल्मेट घेऊन या, त्याला अधूनमधून धुवा, आणि परीक्षा संपल्यावर फाटकाशी कुणी "काढ आता" म्हणालं, तर तो तुमचा बाप असला तरी काढू नका.